सोळा वर्षं आणि त्रेपन्न वर्षं

नोकरी सांभाळून प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये एम.बी.ए. करतोय. शनिवार-रविवार वर्ग, उरलेल्या वेळात असाइनमेंट. (मधे इथे काही लिहिलं नाही त्याचं कारण हेच!) या सत्रात एका रखडलेल्या प्रकल्पाचा अभ्यास करायचाय. बाकीच्यांनी मेट्रो, विमानतळ वगैरे घेतले. आमचं गाव संगमनेर तालुक्यात, तळेगाव दिघ्याच्या दुष्काळी पट्ट्यात. मला विषय शोधावाच लागला नाही. निळवंडे!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा मागे जातो. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण आहे. इंग्रजांनी १९१० साली काम सुरू केलं, १९२६ साली संपवलं. उंची २७० फूट. सह्याद्रीतला तो पाऊस, आणि तरी सोळा वर्षांत काम पुरं! त्या पाण्यावर खाली ऊस आला आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखानाही सुरू झाला. आम्ही मात्र कोरडेच.

आमच्यासाठीचं पाणी म्हणजे ऊर्ध्व प्रवरा प्रकल्प. मंजुरी १९७० ची. धरण आधी म्हाळादेवीला व्हायचं होतं, मग जागा बदलून निळवंड्याला आलं. भिंत झाली, पाणी अडलं, पण कालवे नाहीत. डाव्या कालव्याला पाणी सुटलं २०२३ साली. खर्च सुमारे आठ कोटींवरून पाच हजार कोटींच्या वर गेला. आजोबा दरवर्षी म्हणायचे, "औंदा येतंय बघ पाणी." पाणी आलं तेव्हा ते नव्हते.

तर 'क्रिटिकल पाथ' ही पद्धत अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत १९५७ च्या सुमारास निघाली. म्हणजे भंडारदरा बांधणाऱ्यांकडे ती नव्हती, निळवंड्याच्या वेळी होती. मी पहिल्या खर्ड्यात जोरात ठोकून दिलं की इंग्रजांकडे शिस्त होती, आपल्याकडे फक्त तक्ते. आजोबांचा रागही त्यात उतरला असणार.

आमच्या सरांनी समासात एकच ओळ लिहिली: "भंडारदऱ्यात ज्यांची शेतं बुडाली ते तक्त्यात कुठे आहेत?"

कुठेच नव्हते. तेव्हा भूसंपादनाचा कायदा १८९४ चा. जमिनीचा पैसा द्यायचा, विषय संपला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली. निळवंड्याच्या लोकांनी 'आधी पुनर्वसन, मग धरण' हे लावून धरलं, आणि त्याला वेळ लागतोच. त्रेपन्न वर्षं सगळी त्यातच गेली असं अजिबात नाही. पैशाची चणचण आणि राजकारण यांनी भरपूर खाल्ली, त्याचा राग अजून आहे. पण सोळा वर्षांचं कौतुक करताना माझी जीभ आता अडखळते.

दादांना फोनवर हे सांगितलं. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझे आजोबा जमीन गेलेल्यांबद्दल कधी वाकडं बोलले नाहीत. सरकारला मात्र रोज शिव्या द्यायचे."

काल रात्री तक्ता पुन्हा काढायला घेतला. पुनर्वसनाची पट्टी आता सगळ्यात वर आहे, कालव्यांची तिच्याखाली. मुदत सोमवारची, आणि अजून निम्मं काम बाकी आहे. रखडलेला प्रकल्प म्हणून आमचाच अभ्यास करावा कुणीतरी :)