दूध पचवणाऱ्या एका अक्षराची कुळकथा

ट्रॉम्बे म्हटलं की अणुभट्टी आठवते, भुईमूग सहसा कुणाला आठवत नाही. पण तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडले, जनुकांत बदल झालेल्या रोपांतून कामाची तेवढी राखली आणि 1973 साली 'टीजी-1' हा टपोऱ्या दाण्याचा वाण दिला. अशाच वाणांच्या संकरातून, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या जोडीने, 1991 साली 'टीएजी-24' आला. बदल किरणांनी घडवला, निवड माणसाने केली. माणसाच्या स्वतःच्या जनुकांतही असा एक बदल हजारो वर्षांपूर्वी घडला. तो आपसूक झाला आणि त्याची निवड जगण्या-मरण्याने केली. ताजं दूध मोठेपणी पचवण्याची ताकद त्यातून आली.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. लहान आतड्यात ती फोडायला लॅक्टेज हे विकर लागतं. तान्ह्या बाळाकडे ते भरपूर असतं. अंगावरचं दूध सुटलं की सगळ्याच सस्तन प्राण्यांत ते कमी होत जातं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि पोट फुगतं, गुरगुरतं, कधी जुलाब होतात. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांत लॅक्टेज असं ओसरलेलं असतं. म्हणजे मूळची रीत हीच; दूध पचणं हा नंतरचा अपवाद.

हा अपवाद नेमका कुठे दडला आहे, ते 2002 साली फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून कळलं. लॅक्टेजच्या जनुकात काहीच बिघडलेलं नव्हतं. डीएनएच्या लिपीत त्याच्या 13,910 अक्षरं अलीकडे, शेजारच्या 'एमसीएम6' जनुकाच्या हद्दीत, 'सी'च्या जागी 'टी' आला होता. तेवढ्याने लॅक्टेजचं बटण वय वाढलं तरी चालूच राहतं. आई किंवा वडील, कुणा एकाकडून हा 'टी' मिळाला तरी पुरतो. पुढे 2007 साली पूर्व आफ्रिकेतल्या गुराखी जमातींत त्याच भागातली, पण वेगळी अक्षरं बदललेली सापडली. गुरं पाळणाऱ्या माणसांत एकच गुण निरनिराळ्या वाटांनी उगवला होता.

मग आपल्याकडचा 'टी' कुठला? देशभरातल्या दोन हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासून 2012 साली उत्तर आलं: युरोपातला आणि भारतातला बदल एकाच मुळाचा. वायव्येकडे त्याचं प्रमाण जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी होत जाणारं. पशुपालक समाजांत मात्र आसपासच्या इतरांपेक्षा अधिक.

पण दुधाचा वापर या अक्षराची वाट पाहत थांबला नव्हता. कच्छमधल्या कोटडा भाडली इथल्या, इसवी सनापूर्वी 2500च्या सुमाराच्या मडक्यांत दुधाचे स्निग्ध अंश सापडले आहेत. युरोपातल्या हजारो खापरांचा आणि प्राचीन डीएनएचा 2022 साली एकत्र अभ्यास झाला. त्यात दिसलं, की लोक हजारो वर्षं दूध वापरत होते, तरी 'टी' दुर्मीळच होता. नुसत्या दूध पिण्याने तो पसरला नसावा. दुष्काळ आणि साथींमध्ये दुधाने होणारे जुलाब जिवावर बेतत असावेत आणि 'टी'मुळे ते न होणारे तगले असावेत, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

अक्षर नसलेल्यांचं काम विरजणाने केलं. दही लागताना जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खाऊन त्याचं आम्ल करतात. उरलेला पचवायला त्यांचीच विकरं पोटात मदत करतात. ताकात पाणी पडल्याने साखर आणखी विरळ होते आणि साजूक तुपात ती जवळपास उरतच नाही. ज्या मुलखात 'टी' विरळ, तिथेही जेवण ताक-भाताने संपू शकलं ते यामुळे.

म्हणून दुधाने पोट बिघडणाऱ्या मोठ्या माणसाला नाजूक ठरवू नये. तो आजारी नाही, माणसाच्या जुन्या वळणाचा आहे. त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडून श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी करून घ्यावी. आणि घरात कुणी दुधाचा पेला बाजूला सारला, तर आग्रह न करता त्याला ताक द्यावं.