दुधाने पोळलेले पंतप्रधान

इतिहासाच्या पेपरात एक ठरलेला प्रश्न असायचा, 'कारणे द्या'. अमुक युद्ध का झालं, तमुक करार का मोडला. मुलं तीन-चार मुद्दे लिहीत. आर्थिक कारण, भौगोलिक कारण, तात्कालिक कारण. तेवढे असले की मार्क मिळत. त्यात गैर काही नव्हतं, पण त्या मुद्द्यांत माणूस कुठेच दिसायचा नाही. निर्णय जणू 'देश' घेतो! प्रत्यक्षात निर्णय घेतात चार-सहा माणसं. कुणाची तब्येत बिघडलेली असते, कुणाचे पाय स्वतःच्याच पक्षातले लोक ओढत असतात, कुणाची निवडणूक तोंडावर आलेली असते. आणि प्रत्येकाच्या डोक्यात कुठला तरी जुना प्रसंग ठाण मांडून बसलेला असतो.

निवृत्त झाल्यापासून मी १९५६ सालच्या सुएझ प्रकरणाबद्दल मिळेल ते वाचते. वर्गात ते चार ओळींत उरकावं लागे. पण परराष्ट्र धोरण माणसं कशी ठरवतात, हे पाहायचं असेल तर याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. त्यातला मुख्य माणूस मूर्ख नव्हता, अननुभवी नव्हता, इतिहास न वाचलेला तर नव्हताच नव्हता. म्हणून तर ते जास्त लागतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला. १८७५ मध्ये इजिप्तच्या कर्जबाजारी खेदिवाकडून ब्रिटनने कालवा कंपनीचे ४४ टक्के शेअर विकत घेतले. हिंदुस्थानकडे येणारा जवळचा रस्ता तोच. पुढे हिंदुस्थान हातून गेला, पण कालव्याचं महत्त्व उरलं, कारण पश्चिम युरोपचं बरंचसं तेल त्यातून जाऊ लागलं होतं. १९५२ मध्ये इजिप्तच्या लष्करी अधिकाऱ्यांनी राजाला घालवलं आणि थोड्याच काळात सूत्रं नासेर यांच्या हाती आली. १९५४ च्या करारानुसार ब्रिटिश फौजा कालव्याच्या पट्ट्यातून निघायला लागल्या. शेवटचे सैनिक जून १९५६ मध्ये गेले.

हा करार घडवून आणला होता ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांनी. त्यांच्याच हुजूर पक्षातल्या एका गटाने त्यावरून त्यांना धारेवर धरलं. साम्राज्य विकलं, नासेरपुढे शेपूट घातली, असा सूर. १९५५ च्या एप्रिलमध्ये चर्चिलनंतर ईडन पंतप्रधान झाले. पंधरा वर्षं 'उद्याचे पंतप्रधान' म्हणून ताटकळलेला माणूस! आणि खुर्चीत बसल्यावर कुजबुज सुरू झाली, की यांच्यात दम नाही.

१९ जुलै १९५६ ला अमेरिकेने अस्वान धरणासाठी देऊ केलेली मदत मागे घेतली. गंमत म्हणजे युगोस्लाव्हियात टिटोंची भेट आटोपून नेहरू आणि नासेर तेव्हा एकाच विमानाने कैरोला चालले होते आणि ही बातमी त्यांना प्रवासातच समजली. पुढच्या आठवड्यात, २६ जुलैला, अलेक्झांड्रियाच्या सभेत नासेर यांनी कालवा कंपनीचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. कालवा बांधणाऱ्या द लेसेप्सचं नाव भाषणात आलं की तिकडे कंपनीची कचेरी ताब्यात घ्यायची, अशी खूण ठरली होती. नाव ऐकू न येण्याची भीती नको म्हणून त्यांनी ते पुन्हा पुन्हा घेतलं!

ईडन यांना हे कळलं तेव्हा ते इराकच्या राजासोबत जेवायला बसले होते.

आता कागदावरची बाजू बघा. नासेर यांनी भागधारकांना बाजारभावाने भरपाई देऊ केली होती. जहाजं अडवली नव्हती. कंपनीची मुदत तशीही १९६८ मध्ये संपणार होती, म्हणजे बारा वर्षांनी कालवा इजिप्तकडे जायचाच होता. इजिप्शियनांना कालवा चालवता येणार नाही असं सगळे म्हणत होते. सप्टेंबरमध्ये बहुतेक परदेशी वाटाडे काम सोडून गेले, तरी जहाजं बिनबोभाट जात राहिली.

पण ईडन यांना दिसत होतं वेगळंच. त्यांना १९३६ साल दिसत होतं. त्या वर्षी हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये फौजा घुसवल्या आणि कुणी बोट उचललं नाही. तेव्हा ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री कोण? ईडनच. १९३८ च्या फेब्रुवारीत, मुसोलिनीला चुचकारण्याच्या धोरणावरून त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी म्युनिकचा करार झाला आणि वर्षभरात महायुद्ध पेटलं. म्हणजे ईडन बरोबर ठरले होते. त्यांचं सगळं नाव त्या एका राजीनाम्यावर उभं होतं. पहिल्या महायुद्धात त्यांचे दोन भाऊ गेले होते, दुसऱ्यात मुलगा. हुकूमशहाला वेळीच रोखलं नाही तर काय किंमत मोजावी लागते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

आपल्याकडे म्हणतात, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ईडन यांच्यापुढे १९५६ मध्ये जे आलं ते ताक होतं. आंबट होतं, कबूल. पण पोळणारं नव्हतं. एका गरीब देशाचा महत्त्वाकांक्षी पुढारी आणि मध्य युरोप गिळायला निघालेला जर्मनी यांत केवढं अंतर! तरी ते एकट्या ईडनना दिसलं नाही असंही नाही. फ्रान्सचे पंतप्रधान गी मोले समाजवादी, नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात राहिलेले. त्यांनाही नासेरमध्ये हिटलरच दिसला. अल्जेरियातल्या बंडामागे नासेर आहेत अशी फ्रान्सची ठाम समजूत होती. ब्रिटनच्या विरोधी पक्षाचे नेते गेट्सकेल यांनीसुद्धा २ ऑगस्टला पार्लमेंटमध्ये हिटलर-मुसोलिनींचीच आठवण काढली होती. मात्र त्यांना बळाचा वापर संयुक्त राष्ट्रांना डावलून नको होता. सगळी पिढीच दुधाने पोळलेली.

दुसरी गोष्ट वेळेची. नासेर यांचा हिशोब असा होता, की धोका पहिल्या काही दिवसांतच मोठा आहे, एकेक आठवडा गेला की तो कमी होईल. हिशोब बरोबर होता. जुलैअखेरीस ब्रिटनमध्ये संताप होता, पण फौज तयार नव्हती. माल्टाहून पोर्ट सैदला ताफा यायला सहा दिवस लागत. फौज जमेपर्यंत परिषदा झाल्या. ऑगस्टमध्ये लंडनला बावीस देश जमले, आपल्याकडून कृष्ण मेनन गेले होते. संताप निवला. आणि जेव्हा फौज तयार झाली तेव्हा निमित्त हरवलेलं होतं!

मग निमित्त तयार करण्यात आलं. २२ ते २४ ऑक्टोबरला पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या एका बंगल्यात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलची गुप्त बैठक झाली. इस्रायलला गाझातून होणारे हल्ले आणि तिरानच्या सामुद्रधुनीतली नाकेबंदी यांची स्वतंत्र चिंता होती. ठरलं असं, की इस्रायलने सिनाईत घुसायचं, मग ब्रिटन-फ्रान्सने 'दोघेही कालव्यापासून मागे हटा' असा दम द्यायचा, आणि इजिप्तने नाही म्हटलं की शांतता राखायच्या नावाखाली आपण उतरायचं. समझोता कागदावर आला तेव्हा ईडन हादरले आणि त्यांनी ब्रिटनच्या प्रती नष्ट करायला लावल्या. पण इस्रायलची प्रत शिल्लक राहिली.

आणि तब्येत? १९५३ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत ईडन यांच्या पित्तनलिकेला इजा झाली होती. तेव्हापासून अधूनमधून सणकून ताप येई. १९५६ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही असाच जोराचा ताप येऊन गेला. झोपेसाठी औषधं, तरतरीसाठी औषधं. सगळा दोष औषधांवर टाकणं मला पटत नाही, मोले तर ठणठणीत होते. पण रात्रीची झोप नसलेल्या माणसाला दुसरी बाजू ऐकायचं त्राण उरत नाही, हे आपण घरीदारी पाहतोच.

दुसरी बाजू सांगणारे होते बरं का. नौदलाचे प्रमुख होते आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन. त्यांचा या मोहिमेला विरोध होता आणि त्यांनी तो लेखी कळवलाही. आयसेनहॉवर यांनी पत्रांतून स्पष्ट लिहिलं होतं, की बळाचा वापर अमेरिकेला मान्य होणार नाही. पण सप्टेंबरअखेर अर्थमंत्री मॅकमिलन आयसेनहॉवरना भेटून आले आणि सांगू लागले, की ते काही आडवे येणार नाहीत. खरं तर त्या भेटीत सुएझबद्दल फारसं बोलणंच झालं नव्हतं. ज्याला जे हवं ते त्याने ऐकलं.

२९ ऑक्टोबरला इस्रायल सिनाईत उतरलं, ३१ ला ब्रिटिश-फ्रेंच विमानांनी इजिप्तवर बाँब टाकायला सुरुवात केली. त्याच दिवसांत हंगेरीत उठाव चालू होता आणि ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. ६ नोव्हेंबरला अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक. शांततेच्या नावाने मतं मागणारे आयसेनहॉवर रशियाचा निषेध कोणत्या तोंडाने करणार, जेव्हा आपलेच मित्र तेच करताहेत? ते भयंकर चिडले. पौंड घसरायला लागला, आणि लढाई थांबवल्याशिवाय नाणेनिधीची मदत नाही असं वॉशिंग्टनने बजावलं. सगळ्यात आधी हबकले ते मॅकमिलन, लढाईसाठी सर्वांत उतावीळ असलेले! ज्या दिवशी पोर्ट सैदला ब्रिटिश फौज जहाजांतून उतरली, त्याच रात्री लढाई थांबली. तारीख ६ नोव्हेंबर.

ज्या कालव्याचा रस्ता खुला राहावा म्हणून हे सगळं केलं, तो इजिप्तने जहाजं बुडवून बंद केला. डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. २० डिसेंबरला ईडन यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलं, की इस्रायल हल्ला करणार हे आधी ठाऊक नव्हतं. १९३८ मध्ये तत्त्वासाठी खुर्ची सोडणारा माणूस! जानेवारी १९५७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले मॅकमिलन.

इथे मला थांबायला होतं. आम्ही इतिहासाची माणसं उठता-बसता सांगतो, 'इतिहासापासून धडा घ्या.' ईडन यांनी घेतला होता की! मनापासून घेतला होता, जबर किंमत मोजून घेतला होता. धडा खोटाही नव्हता. तो दुसऱ्याच प्रकरणाचा होता, एवढंच.

आणि सुएझपासून तरी सगळे तोच धडा शिकले का? ब्रिटन शिकलं, की अमेरिकेला सोडून काही करायचं नाही. फ्रान्स शिकला नेमकं उलटं, की अमेरिकेवर विसंबायचं नाही, आणि तो स्वतःच्या अणुबाँबच्या नि युरोपच्या एकीच्या मागे लागला. प्रसंग एक, धडे दोन. म्युनिकची आठवण तर पुढेही सुटली नाही. जुलै १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये आणखी फौज पाठवताना अध्यक्ष जॉन्सन यांनीही तिचाच दाखला दिला.

म्हणून आता कुणी पुढारी, कुठल्याही देशाचा, 'हा दुसरा हिटलर आहे' किंवा 'हे दुसरं म्युनिक आहे' असं म्हणाला, की मी कान टवकारते. तो खोटं बोलतो असं नाही, कदाचित बरोबरही असेल. पण मी आपल्या पेपरातला दुसरा प्रश्न काढते, 'फरक स्पष्ट करा'. साम्य आपोआप दिसतं, विशेषतः जिथे एकदा पोळलेलं असतं तिथे. फरक मात्र बसून, शांतपणे, दोन रकाने आखून शोधावा लागतो. ईडन यांच्याकडे ते सांगणारी माणसं होती. ऐकायला वेळ आणि मन नव्हतं.

घरातल्या भांडणांतही हे लागू पडतं म्हणा! पण तो विषय पुन्हा कधीतरी. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.