१९२ मते

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त घरातलेच आहे.

परवा पुण्यात एका लग्नात भाचा भेटला. बोलता बोलता विषय सांगोल्यावर आला. तो म्हणाला, "मामा, तुमचे आबासाहेब ११ वेळा आमदार, दोनदा मंत्री. मग तालुक्याला पाणी यायला इतकी वर्षं का लागली?"

मी काहीबाही उत्तर दिले. पण परतीच्या प्रवासात प्रश्न डोक्यातून जाईना. जन्मभर मुलांना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले, आणि घरच्या पोराला नीट उत्तर देता येऊ नये? म्हणून हा लेख.

आबासाहेब म्हणजे गणपतराव देशमुख. जन्म १० ऑगस्ट १९२६, गाव मोहोळ तालुक्यातले पेनूर. वकिलीचे शिक्षण घेऊन ते सांगोल्यात आले आणि सांगोल्याचेच झाले. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. शेवटची निवडणूक त्यांनी २०१४ साली जिंकली, तेव्हा मी निवृत्त होऊन बसलो होतो आणि ते ८८ वर्षांचे होते. मधल्या काळात माणसांनी पक्ष किती बदलले! त्यांनी बदलला नाही. एसटीने फिरणारा आमदार हीच त्यांची महाराष्ट्रभर ओळख.

आता मंत्रिपदाचे बघू. पहिल्यांदा १९७८ साली, शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले, म्हणजे दोन वर्षेसुद्धा मिळाली नाहीत. दुसऱ्यांदा १९९९ साली, विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. दोन्ही वेळा अनेक पक्षांची मोट बांधलेली सरकारे, आणि त्यात शेकाप हा लहान पक्ष. बाकी सारी कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. पाठ्यपुस्तकात मंत्र्यांची कामे असा धडा असतो. विरोधी बाकावरच्या आमदाराची कामे असा धडा मी कधी शिकवल्याचे आठवत नाही. खरे तर तोच शिकवायला हवा होता.

कारण भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे. सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. खिलार जनावरांचा बाजार आणि पुढे डाळिंब, ही आमची ओळख. कृष्णेचे पाणी हवे तर ते उपसा करूनच आणावे लागणार, आणि त्याला पैसा राज्याचा लागणार. तो एकट्या आमदाराच्या हातात नसतो. म्हणून १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि आबासाहेब ही त्यातली वडीलधारी माणसे. सांगली, सातारा, सोलापूरचे तेरा तालुके एकत्र आले आणि दरवर्षी तेच मागणे मागत राहिले. टेंभू योजनेला मान्यता मिळाली १९९६ साली. कऱ्हाडजवळ पाणी उचलायचे आणि टप्प्याटप्प्याने सुमारे ८० हजार हेक्टरला द्यायचे. आमचा तालुका त्या वाटेच्या शेवटी. शेवटच्या माणसाला पाणी शेवटीच मिळते, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

गंमत बघा, योजनेला मान्यता मिळाली तेव्हा आबासाहेब आमदारच नव्हते.

इथेच माझ्या मनातली सल आहे. ते दोनदा पडले. एकदा १९७२ साली, पण १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. दुसऱ्यांदा १९९५ साली, काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून, अवघ्या १९२ मतांनी.

त्या निवडणुकीत मला शेजारच्या मतदारसंघात ड्युटी लागली होती. टपाली मतपत्रिका घरी आली. त्यासोबतच्या प्रतिज्ञापत्रावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागायची. "बघू उद्या," म्हणून पाकीट टेबलाच्या खणात ठेवले. मनात एकच विचार, आबासाहेब येतातच निवडून, माझ्या एका मताने काय होणार? निकाल ऐकला आणि उठून खण उघडला. पाकीट तसेच होते. ही काही बोलली नाही, पण तिने बघितले होते.

माझ्या एका मताने निकाल फिरला नसता, हे गणित मलाही कळते. पण माझ्यासारखा विचार करून किती जण घरी बसले असतील? मतदान हे कर्तव्य आहे, असे मी वर्गात किती वर्षे फळ्यावर लिहीत होतो! हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. त्यांचेही चुकले असेल. एकाच माणसाने सुमारे पन्नास वर्षे एक जागा राखली की नवी माणसे वाढत नाहीत, हा आक्षेप मला पटतो. छोट्या पक्षाशी निष्ठा राखण्याची किंमतही तालुक्याने मोजली असेल. पण उशिराचा सगळा हिशेब त्यांच्याच नावावर लिहू नकोस. आपण त्यांना गृहीत धरले. पाणी आणायचे काम त्यांचे, आणि आपले काम मात्र "बघू उद्या".

२०१९ साली ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. त्या वेळी मात्र मी सकाळी सातलाच रांगेत उभा होतो. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबासाहेब गेले, वयाच्या ९४ व्या वर्षी. २०२४ साली दुसरे नातू बाबासाहेब त्याच पक्षाकडून निवडून आले.

असो. आता गुडघे दुखतात, पण मतदान चुकवत नाही. निकाल काहीही लागो, खणात पाकीट नको.