पुनःप्रक्षेपणाचा व्यवसाय आणि मालकीचा प्रश्न

१९५० च्या सुमारास अमेरिकेतील बरेच विनोदी कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत आणि इतर भागांसाठी दूरचित्रवाणीच्या पडद्यावरूनच त्यांची फिल्मप्रत घेतली जाई. ‘किनेस्कोप’ नावाची ही प्रत इतकी धूसर असे, की ती जपून ठेवण्यात व्यापारी लाभ फारसा कोणाला दिसत नव्हता. १९५१ मध्ये ‘आय लव्ह ल्युसी’ने ही रीत मोडली. ल्युसिल बॉल आणि डेझी अर्नाझ या दांपत्याला हॉलिवूड सोडायचे नव्हते, म्हणून त्यांनी मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करण्याचा आग्रह धरला, वाढीव खर्चापोटी मानधनातील कपात पत्करली आणि त्या बदल्यात भागांची मालकी स्वतःच्या ‘देसिलू’ संस्थेकडे राखली. प्रेक्षकांसमोर रंगणारा प्रवेश तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपायचा असल्याने छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी दिवे मुख्यतः वरून टांगून सर्व बाजूंनी सारखा पडणारा प्रकाश योजला. त्या फिल्मचा रेखीवपणा आजही टिकून आहे.

राष्ट्रीय वाहिनीवर दाखवून झालेले भाग स्थानिक केंद्रांना स्वतंत्रपणे विकण्याच्या व्यवहाराला ‘सिंडिकेशन’ म्हणतात. केंद्रे हे भाग सोमवार ते शुक्रवार, रोज ठरलेल्या वेळी दाखवीत. त्यामुळे शंभरेक भाग हाताशी असले, तर वीस आठवडे पुनरावृत्ती टळत असे. १६ मिलिमीटरच्या प्रती टपालाने एका केंद्राकडून दुसऱ्याकडे फिरत, आणि जाहिरातींना जागा करण्यासाठी प्रसंगांना कात्री लागे, ही खेदाची गोष्ट होय. विनोदाची लय अशा काटछाटीत हमखास बिघडते.

१९७० च्या दशकारंभी संघीय दळणवळण आयोगाने राष्ट्रीय वाहिन्यांना सिंडिकेशनपासून दूर ठेवले, म्हणून ‘सीबीएस’ या राष्ट्रीय वाहिनीने आपली वितरणशाखा ‘व्हायाकॉम’ नावाने वेगळी केली. आयोगाच्या दुसऱ्या नियमाने ५० मोठ्या शहरी बाजारपेठांतील संलग्न केंद्रांना संध्याकाळच्या राखीव वेळेत जुने राष्ट्रीय कार्यक्रम दाखवण्यास मनाई केली. परिणामी त्या मालिका कोणत्याही वाहिनीशी न जोडलेल्या स्वतंत्र केंद्रांच्या वाट्याला आल्या. ‘द ब्रेडी बंच’ (१९६९–७४) मूळ प्रक्षेपणात पहिल्या फळीत कधीच नव्हती. शाळेतून घरी परतलेल्या मुलांनी ती दुपारच्या पुनःप्रक्षेपणात मोठी केली. पुढे १९८५ मध्ये ‘निक अ‍ॅट नाइट’ या केबल वाहिनीने जुन्या मालिकांची सलग रात्रच बांधली आणि २०१० च्या अखेरीस जुन्या मालिका दाखवणारी ‘मीटीव्ही’ वाहिनी राष्ट्रीय पातळीवर पोहोचली.

या समृद्धीत अभिनेत्यांना मिळालेला वाटा मात्र अन्यायकारकच म्हटला पाहिजे. पुनःप्रक्षेपणाबद्दल कलाकाराला मिळणारी रक्कम, म्हणजे ‘रेसिड्युअल’, पूर्वीच्या करारांनुसार ठरावीक फेऱ्यांपुरतीच असे. ती कायमस्वरूपी देण्याची तरतूद अभिनेत्यांच्या संघटनेने १९७४ च्या करारात मिळवली. ‘गिलिगन्स आयलंड’ (१९६४–६७) या मालिकेचे ९८ भाग त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या दाखवले गेले, पण त्यातील कलाकार जुन्याच करारांनी बांधलेले राहिले.