चूक सांगावी, तीही कळेल अशा भाषेत

संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकास एक मोलाचा अधिकार दिला : संघाच्या वा राज्याच्या अधिकाऱ्याकडे तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा. उत्तर कोणत्या भाषेत यावे, याविषयी मात्र तो मौन बाळगतो. खिडकीपलीकडे माणूस होता तोवर ही उणीव निभावून गेली. अर्जात काय राहिले ते तो तोंडी समजावू शके. संगणक आला आणि ते काम त्रुटी-संदेशाकडे गेले.

आता इतिहास पाहू. लिपीची अडचण म्हणावी, तर १९९१ साली इस्की हे भारतीय मानक झाले व त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. नियमाची अडचण म्हणावी, तर १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या मसुद्यातच स्पष्ट लिहिले होते की आकडा यंत्रासाठी, शब्द माणसासाठी. आणि ते शब्द स्थानिक भाषेत बदलण्यास हरकत नाही. १९९७ च्या पुढील आवृत्तीत ब्राउझरने वाचकाची पसंतीची भाषा कळवण्याची सोयही होती. २००२ च्या अपाची २.० या सर्व्हरसोबत तर अनेक भाषांतले तयार त्रुटी-संदेशच आले.

म्हणजे '४०४' तसाच ठेवून त्याखाली 'हे पान सापडले नाही' असे लिहिण्यास कोणाचीच मनाई नव्हती. ही पसंती प्रांताशी नव्हे, माणसाशी बांधलेली असते. म्हणून इंदूर-बंगळूरच्या मराठी माणसालाही ती उपयोगी. उणीव तंत्राची नव्हती. चार ओळी लिहिणे हे आपले काम आहे, असे प्रशासनाला वाटण्याची होती.