मुदतीचे पाहुणे

देशांतरास गेलेल्या मुलाने आईवडिलांना आपल्याजवळ बोलावून घ्यावे, ही इच्छा स्थलांतराइतकीच जुनी आहे; परंतु त्या इच्छेला सरकारदरबारी स्वतंत्र नाव, नमुना आणि शुल्क प्राप्त झाल्याला फार काळ लोटलेला नाही. कॅनडाने १ डिसेंबर २०११ रोजी ‘सुपर व्हिसा’ या नावाने जो दीर्घ मुदतीचा अभ्यागत-परवाना सुरू केला, त्याकडे पुण्या-मुंबईकडची निवृत्त दांपत्ये एक मोठी सोय म्हणून पाहतात, आणि ती सोय आहेही. पण हा परवाना कोणत्या परिस्थितीत जन्मास आला याचा मागोवा घेऊ लागले, म्हणजे त्याच्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेला एक झगडा दृष्टीस पडतो, आणि त्या झगड्यात आईवडिलांची पाळी नेहमी सर्वांच्या शेवटी आली असे आढळून येते.

ब्रिटिश कोलंबियातील लाकूड कापण्याच्या गिरण्यांत आणि रेल्वेमार्गांवर राबण्यासाठी विसाव्या शतकाच्या प्रारंभी जे हिंदी लोक गेले, ते बहुतांशी पंजाबी शीख आणि जवळजवळ सर्व एकटे पुरुष होते. त्यांची वस्ती पाच हजारांच्या आसपास पोहोचते न पोहोचते तोच, जानेवारी १९०८ मध्ये, मायदेशातून निघून कोठेही न थांबता, मायदेशीच काढलेल्या तिकिटावर जो आला नसेल त्यास किनाऱ्यावर उतरू देऊ नये, असा हुकूम निघाला. हुकुमात हिंदुस्थानचे नाव कोठेही नव्हते; त्याची आवश्यकताही नव्हती, कारण कलकत्त्याहून अशा अखंड प्रवासाची व्यवस्था करू शकणारी कंपनी कॅनेडियन पॅसिफिक ही एकटीच होती आणि तशी तिकिटे तिने विकू नयेत अशी तजवीज सरकारने करून ठेवली होती. त्याच वर्षी आशियातून येणाऱ्याने जवळ दोनशे डॉलर दाखविले पाहिजेत, अशीही अट आली. माणसाला थेट नाकारण्याऐवजी त्याच्यापुढे पूर्ण होऊ न शकणारी शर्त ठेवावी, ही राज्यकारभाराची युक्ती पुढे अनेक रूपांनी भेटत राहते, म्हणून तिचा हा पहिला आविष्कार ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आधीच जाऊन स्थायिक झालेल्यांचे काय, हा प्रश्न मात्र लवकरच उभा राहिला. व्हँकूव्हरच्या गुरुद्वाऱ्याचे ग्रंथी बलवंतसिंग आणि खालसा दिवाण सोसायटीचे अध्यक्ष भागसिंग हे दोघे आपल्या बायकामुलांना आणण्यासाठी स्वदेशी आले आणि वाटेत ठिकठिकाणी अडवणूक सोसून जानेवारी १९१२ मध्ये व्हँकूव्हरला परत पोहोचले. पुरुषांना, ते तेथील रहिवासी म्हणून, उतरू दिले. त्यांच्या बायका आणि मुले यांना मात्र परत पाठविण्याचा हुकूम झाला. जामीन भरून ती माणसे बाहेर काढावी लागली, अर्जविनंत्या झाल्या, न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि अखेर काही महिन्यांनी सरकारने, हा पायंडा समजू नये असे बजावून, केवळ कृपा म्हणून त्यांना राहू दिले. हक्क म्हणून जे मागितले ते मेहेरबानी म्हणून पदरात पडले. दोनच वर्षांनी, मे १९१४ मध्ये, ३७६ उतारूंना घेऊन ‘कोमागाटा मारू’ त्याच बंदरात आली, दोन महिने नांगर टाकून उभी राहिली आणि मूठभर लोकांखेरीज सर्वांना घेऊन तिला परतावे लागले. परतल्यावर कलकत्त्याजवळ बजबज येथे तिच्या उतारूंवर झालेल्या गोळीबाराची करुण कथा सर्वश्रुत आहे.

महायुद्धात हिंदी सैनिकांनी रक्त सांडल्यानंतर साम्राज्य-परिषदेत या प्रश्नाला वाचा फुटली आणि १९१८ च्या ठरावास अनुसरून पुढील वर्षी कॅनडाने तेथील हिंदी रहिवाशांच्या पत्नी व अल्पवयीन मुले यांना प्रवेश देण्याचे मान्य केले. या मान्यतेत आईवडिलांचा उल्लेख नव्हता, आणि हिंदी पुढाऱ्यांचा भरही पत्नी व मुले यांच्यावरच होता. ज्यांना सहधर्मचारिणीसाठी इतके झुंजावे लागले त्यांनी वृद्ध मातापित्यांचा विषय कोणत्या तोंडाने काढावा? गोखल्यांच्या पश्चात पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा या वसाहतींच्या दौऱ्यावर गेले तेव्हा त्यांच्यापुढील मुख्य कार्यही तेथील हिंदी लोकांना मताधिकार मिळवून देण्याचे होते, आणि ब्रिटिश कोलंबियात तो मिळण्यास १९४७ साल उजाडावे लागले. गावी राहिलेल्या आईबापांशी या पिढीचा संबंध मनिऑर्डरीपुरता आणि पत्रापुरता राहिला. कित्येकांना त्यांचे अंत्यदर्शनही घडले नाही. इतिहासाच्या पुस्तकांत या वियोगाची नोंद क्वचितच सापडते, आणि मला तर कोमागाटा मारूइतकेच हे दुःख मोठे वाटते.

पुढची वाट भरभर चालून जाता येते. १९५१ मध्ये भारताला वर्षाकाठी दीडशे माणसांचा कोटा मिळाला, १९६२ च्या नियमांनी वंशभेदाची बहुतेक कलमे पुसली, १९६७ मध्ये गुणांकनाची पद्धत आली आणि तिच्यामागोमाग अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक असे शिकलेले लोक जाऊ लागले. मराठी माणसे टोरांटोच्या परिसरात दिसू लागली ती याच लाटेबरोबर. १९७८ पासून अमलात आलेल्या कायद्याने ‘कुटुंबवर्ग’ निश्चित केला आणि त्यात आईवडिलांना स्थान दिले. सत्तर वर्षांच्या झगड्यानंतर त्यांच्यासाठी दार रीतसर उघडले होते.

परंतु उघडलेल्या दारासमोर रांग लागली. २०११ पर्यंत आईवडील आणि आजीआजोबा यांचे १,६५,००० हून अधिक अर्ज तुंबले होते आणि प्रतीक्षेचा काळ सात वर्षांच्या पलीकडे गेला होता. सत्तरीतल्या माणसाला सात वर्षे थांबावयास सांगणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. त्या वर्षीच्या ४ नोव्हेंबरला इमिग्रेशनमंत्री जेसन केनी यांनी दुसऱ्या दिवसापासून नवे अर्ज दोन वर्षांपर्यंत न घेण्याचे जाहीर केले, आणि त्याच घोषणेत दहा वर्षे चालणारा, एका खेपेस दोन वर्षे राहू देणारा सुपर व्हिसा देऊ केला. बंद होणारे दार वास्तव्याचे होते आणि उघडणारे पाहुणचाराचे. हा अदलाबदलीचा व्यवहार माझ्या मते या संपूर्ण इतिहासाचे मर्म आहे: आईवडील कुटुंबाचे घटक म्हणून येण्याऐवजी दीर्घ मुदतीचे अभ्यागत म्हणून येऊ लागले.

या परवान्याच्या अटी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. मुलाने अगर मुलीने सहीनिशी निमंत्रणपत्र आणि पालनपोषणाचे हमीपत्र द्यावयाचे. घरातील माणसे, येणारे आईवडील धरून, मोजून त्या संख्येस ठरविलेल्या किमान उत्पन्नाइतकी आपली मिळकत आहे हे दाखवावयाचे. ही किमान मर्यादा ठरविण्याची रीत मोठी अर्थपूर्ण आहे: अन्न, वस्त्र आणि निवारा यांवर उत्पन्नाचा जितका हिस्सा सरासरी कुटुंब खर्ची घालते, त्याहून शेकड्यास वीस अधिक ज्याला घालावा लागतो, ते कुटुंब रेषेच्या खाली गेले असे मानतात. याखेरीज वैद्यकीय तपासणी आणि निदान एक लाख डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्यविमा. १९०८ चे दोनशे डॉलर आणि आजचा हा विमा यांचे हेतू एक नव्हेत, आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि बेताच्या पगारावर गोदामात किंवा टॅक्सीवर राबणाऱ्या मुलाच्या आईला या अटींमुळे नातवंडांचे तोंड पाहता येत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

आपल्याकडच्या मंडळींची खरी परीक्षा पाहतो तो नात्याचा पुरावा. जुन्या चालीच्या मराठी घरांत लग्नात वधूचे नाव बदलत असत; ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने नवे नाव लिहावयाचे, की माहेरची कुसुम सासरी सुमती होई आणि बापाचे नाव, आडनाव ही दोन्ही मागे पडत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पारपत्रावर दुसरे, आणि मुलाच्या नावात बापाचे नाव असले तरी आईचे कोठेच नाही. त्या काळी याची कोणाला खंत नव्हती, कारण गावात तिला सगळे ओळखत होते. पन्नास वर्षांनी तिला नोटरीसमोर बसून, या दोन्ही नावांची बाई मीच, असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. कोणी राजपत्रातील नामांतराची नोंद शोधतो, कोणी नगरपालिकेच्या जन्मनोंदवहीचा उतारा काढून आणतो. ज्या मुलाला तिने जन्म दिला त्याची ती आई आहे, हे कागदाने सिद्ध करावयाचे असते. २०१८ च्या अखेरीपासून बोटांचे ठसेही द्यावे लागतात. एकोणऐंशीच्या पुढच्यांना तेवढी सूट आहे. पेन्शनर वडिलांची आणखी एक चिंता असते: दर नोव्हेंबरला द्यावयाचा हयातीचा दाखला. परदेशी मुक्काम असला तर तो भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून किंवा अन्य मान्य रीतीने पाठवावा लागतो, नाहीतर निवृत्तिवेतन खोळंबते.

वास्तव्याचे दार २०१४ च्या जानेवारीत पुन्हा उघडले, पण वर्षाला पाच हजार अर्ज आणि वीस वर्षांची आर्थिक जबाबदारी अशा बंधनांसह. नंतर सोडत आली. २०१९ मध्ये पहिल्या येणाऱ्यास पहिले या न्यायाने २७,००० जागा काही मिनिटांत संपल्या. आणि २०२० च्या शरदात ज्यांनी आईवडिलांना बोलावण्याची इच्छा नोंदविणारे नमुने भरले त्यांच्याच यादीतून २०२१ ते २०२५ या पाचही वर्षी निमंत्रणे निघाली. त्यानंतर कॅनडाला गेलेल्या मुलांसाठी सुपर व्हिसा हाच एक मार्ग उरला, आणि म्हणूनच तो उत्तरोत्तर रुंद करावा लागला. खासदार काइल सीबॅक यांनी त्यासाठी विधेयक मांडले. ४ जुलै २०२२ पासून एका खेपेचा मुक्काम पाच वर्षांचा झाला, तेथे राहूनच दोन वर्षांची वाढ मागण्याची मुभा मिळाली, आणि जानेवारी २०२५ पासून मान्यताप्राप्त परदेशी कंपन्यांचा विमाही चालू लागला. सलग सात वर्षे, म्हणजे २०११ साली रांगेत काढावा लागे जवळजवळ तितकाच काळ, आज मुलाच्या घरात काढता येतो, हा लाभ लहान नव्हे. एवढ्या दीर्घ सहवासानंतरही त्या आईबापांना केवळ या मुक्कामाच्या आधारे कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही आणि सार्वजनिक आरोग्यसेवेचा लाभही मिळत नाही. नातवंडाला शाळेत पोहोचविणारी आणि घराचा निम्मा भार उचलणारी ही माणसे कायद्याच्या लेखी अजून पाहुणेच आहेत, आणि १९७८ मध्ये जे स्थान त्यांना एकदा दिले होते ते नियमित संख्येने, दरवर्षी, खुलेपणाने परत दिल्यावाचून हा हिशेब चुकता होणार नाही.