स्थूलपणाचा दोष कोणाचा?

लठ्ठ मनुष्य दिसला कीं त्याच्या जिभेला दोष देऊन मोकळें होण्याची आपल्याकडे रीत आहे. ती प्राचीन वैद्यकानें शिकविली म्हणावें, तर तेंही पुरतें खरें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, एकविसाव्या अध्यायांत, अतिस्थूलाचा विचार आहे. अतिभोजन, जड, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसां झोंप, सदैव आनंदांत असणें व कशाचीही चिंता न करणें, अशीं कारणें तेथें दिलीं आहेत. (शेवटचें कारण वाचून आम्हांस हसूं आलें, हल्लीं काळजीनें पोखरलेलीं माणसेंही चांगलीं फुगलेलीं दिसतात.) परंतु याच यादींत ‘बीजस्वभाव’ हेंही एक कारण आहे, आणि आईबापांकडून आलेला देहधर्म हा कोणाच्या जिभेचा अपराध नव्हे.

जिभेच्या जबाबदारीचा एक धडा खानदेशच्या इतिहासांतही आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजीं पूर्व खानदेशांत, म्हणजे आजच्या जळगांव जिल्ह्यांत, अमळनेर येथें महंमद हाशम प्रेमजी यांनीं ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. तेलांत हायड्रोजन वायु मिसळून तें घट्ट करावयाचें व तुपासारखें दिसणारें ‘वनस्पति’ डब्यांत भरावयाचें, हा तिचा धंदा. हीच कंपनी पुढें संगणकाच्या धंद्यांत ‘विप्रो’ नांवानें गाजली, आणि ज्या अमळनेरकरांनीं तिचे भाग विकले नाहींत ते श्रीमंत झाले.

साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत वनस्पति गेलें. त्यावर देशभर वाद माजला. गांधीजींनींही टीका केली. तुपांतील भेसळ ओळखतां यावी म्हणून वनस्पतींत पांच टक्के तिळाचें तेल घालण्याची सक्ति झाली. तुपाची अब्रू राखली गेली; खाणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांचें काय होतें, हें त्या कसोटीला कळणारें नव्हतें. असल्या घट्ट केलेल्या तेलांतील ‘ट्रान्स’ मेद रक्तांतील वाईट कोलेस्टेरॉल वाढवितो व चांगलें घटवितो, हें मेन्सिंक व काटान या डच संशोधकांनीं १९९० सालीं दाखविलें. भारतांत त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आली ती २०२२ सालीं. मधल्या शहात्तर वर्षांत धुळ्या-जळगांवच्या गृहिणीनें डबा उघडतांना काय ओळखावयास हवें होतें, हें तिला दोष देणाऱ्यांनीं सांगावें.

अर्थात् हा मेद मुख्यतः हृदयाचा वैरी. वजन वाढविण्यास साधें शेंगदाण्याचें तेलही पुरतें. शेवभाजीवरचा तवंग तोंडाशीं नेणारा हात आपलाच असतो, आणि तेवढ्यापुरती मनुष्याची सुटका करावी असें आम्ही म्हणत नाहीं. पण कळण्याची भाकरी खाऊन दिवसभर औत हांकणाऱ्याला जें पचत होतें, तें दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याला पचत नाहीं, आणि बैठा धंदा मनुष्य नेहमीं हौसेनेंच पत्करतो असें नाहीं.

चरकाच्या बीजस्वभावाचा धागा मात्र आपणांस पुण्याकडे नेतो. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं आसपासच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या बालकांशीं केली. वजनें सरासरीनें २.७ व ३.५ किलो. आपलीं बाळें हाडामांसानें लहान, परंतु त्वचेखालची चरबी त्या मानानें फारशी कमी नाहीं! दिसावयास कृश, आंतून मेदस्वी. आणि याचा संबंध आईच्या पोषणाशीं. म्हणूनच त्या मंडळींनीं पुढें वयांत येणाऱ्या मुलामुलींना बी-१२ जीवनसत्त्व देऊन, त्यांच्या संततीवर काय परिणाम होतो तें पाहण्याचा प्रयोग हातीं घेतला.